नऊ मिलिमीटरची चाल: खाली बसवलेल्या एका हॅचबॅकचे प्रकरण

पावसाळा संपत आला असताना पुण्यातल्या नऱ्हे येथील आमच्या गाळ्यात चार मीटरच्या आतली एक पेट्रोल हॅचबॅक आली. मालक हिंजवडीत नोकरी करणारे तरुण अभियंते आहेत. चार महिन्यांपूर्वी त्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी गाडीला कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग आणि शॉकअबचा (शॉक अॅब्सॉर्बरचा) संच, बसवून घेतला होता. गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी दिसावी ही त्यांची हौस होती आणि वर्षातून एकदा कोइंबतूरच्या कारी या मोटार शर्यतींच्या ट्रॅकवर ती चालवावी असाही बेत होता. हौस पुरी झाली, पण त्रास सुरू झाला. प्रत्येक खड्ड्यात पुढून धाडकन आवाज येई, ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढली जाई, आणि जेमतेम ४,००० किलोमीटरांत पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड तारा दिसेपर्यंत झिजली होती.

"दादा, स्प्रिंगा फार कडक झाल्यात. एक-दोन फेरे सैल करून द्या," असे त्यांचे म्हणणे होते. हे वाक्य येथे मुद्दाम नोंदवत आहे, कारण या प्रकरणातला मूळ गैरसमज त्यात पूर्ण सामावलेला आहे आणि तो एकट्या मालकांचा नाही. ज्याने संच बसवला त्याचाही तोच होता, आणि सुरुवातीची काही वर्षे माझाही होता.

गाडीची रचना आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांसारखीच आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब एकाच खांबात. मागे टॉर्शन बीम, ज्यात स्प्रिंग वेगळी आणि शॉकअब वेगळा. पुढच्या कॉइलओव्हरच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात आणि या संचात उंची दोन ठिकाणी बदलता येत होती. एक जागा म्हणजे ज्या रिंगवर स्प्रिंग टेकते ती सीट. दुसरी जागा म्हणजे नळी ज्या खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांनी बसते तो ब्रॅकेट. दोन्ही फिरवल्या की गाडी वर-खाली होते, त्यामुळे दोन्हींचे काम एकच आहे असे वाटते. प्रत्यक्षात पहिली रिंग खाली घेतली की पिस्टनचा दांडा नळीत आणखी आत जाऊन बसतो, आणि दुसरी फिरवली की संपूर्ण खांबच आखूड होतो, दांड्याची नळीतली जागा मात्र आहे तीच राहते. पुढचे सारे विवेचन या एका फरकावर उभे आहे.

गाडी उचलण्याआधी आम्ही मोजमापे घेतली. उंची जमिनीपासून न मोजता चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजली, म्हणजे टायरची झीज आणि हवेचा दाब यांमुळे आकडा बदलत नाही. त्याच मॉडेलच्या मूळ स्थितीतल्या गाडीवर पुढे हे अंतर ३७८ मि.मी. भरले होते, या गाडीवर ते ३१३ मि.मी. होते. गाडी पुढून ६५ मि.मी. खाली आली होती. इंजिनाखालच्या पत्र्यापाशी जमिनीपासूनचे अंतर ९८ मि.मी. उरले होते, जे माहितीपत्रकात १६५ आहे. मग चारही चाके वजनकाट्यांवर घेतली. पुढचे डावे ३४७ किलो, उजवे ३३३. मागचे डावे २०३, उजवे २१७. डाव्या आणि उजव्या बाजूंची बेरीज ५५० किलो अशी अगदी सारखी येते, पण तिरकी बेरीज ५६४ आणि ५३६ येते. चार पायांचे टेबल एका पायाखाली पुठ्ठा घातल्यावर जसे डुलते, तशी ही अवस्था होती. मागच्या उजव्या स्प्रिंगखालचा अॅडजस्टर डावीकडच्यापेक्षा ६ मि.मी. उंच बसवलेला आढळला. ब्रेकच्या वेळी गाडी ओढली जाण्याचे एक कारण तेथेच मिळाले.

त्यानंतर एक साधी चाचणी केली, जी कोणालाही घरच्या घरी करता येईल. पुढच्या शॉकअबच्या चकचकीत दांड्यावर केबल बांधायची प्लॅस्टिकची पट्टी घट्ट आवळली आणि ती नळीच्या तोंडाशी टेकवून ठेवली. शॉकअब दबला की नळी त्या पट्टीला दांड्यावर वर ढकलते आणि सुटताना तिथेच सोडून देते, त्यामुळे दांडा जास्तीत जास्त किती आत गेला याची खूण राहते. गाडी गाळ्यातून काढली, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत नेली आणि परत आणली. अंतर अर्धा किलोमीटरसुद्धा नाही. पट्टी वर जाऊन बंप स्टॉपच्या, म्हणजे चाल संपते तिथे शॉकअबला अडवणाऱ्या ठोकळ्याच्या, रबरात रुतून बसली होती. गाडी उभी असताना नळीचे तोंड आणि बंप स्टॉप यांच्यातले अंतर मोजले, तर ते अवघे ९ मि.मी. होते.

हे ९ मि.मी. कसे झाले ते आकड्यांनी पाहावे लागेल. पुढच्या प्रत्येक चाकावर सरासरी ३४० किलो भार होता. त्यातून चाक, डिस्क, हब वगैरे स्प्रिंगच्या खाली असलेल्या भागांचे सुमारे ३५ किलो वजा केले, तर एका स्प्रिंगवर ३०५ किलो येतात. संचातली स्प्रिंग ६ किलो प्रति मि.मी. अशी होती, म्हणजे ती एक मि.मी. दाबायला ६ किलो लागतात. ३०५ भागिले ६ म्हणजे साधारण ५१ मि.मी.; गाडी जमिनीवर उभी राहिली की ही स्प्रिंग एवढी दबणार. शॉकअबची पूर्ण सुटलेल्या स्थितीपासून बंप स्टॉपला टेकेपर्यंतची चाल १०० मि.मी. होती. सीट अशी लावली असती की गाडी जॅकवर असताना स्प्रिंग नुसती टेकून राहील, तर १०० पैकी ५१ मि.मी. वजनाने खर्च होऊन खड्ड्यासाठी ४९ शिल्लक राहिले असते. त्या स्थितीत आणि खालचा ब्रॅकेट पूर्ण बाहेर असताना गाडी मूळ उंचीपेक्षा २५ मि.मी. खाली बसते. आधीच्या कारागिराने ब्रॅकेटला हात लावला नाही आणि सीटच ४० मि.मी. खाली उतरवली. २५ अधिक ४० म्हणजे ६५ मि.मी. खाली, आणि ४९ वजा ४० म्हणजे ९ मि.मी. चाल. पुढे दोन माणसे बसली की प्रत्येक चाकावर साधारण ४० किलो वाढून स्प्रिंग आणखी ७ मि.मी. दबते, आणि हातात राहतात दोन. अशी गाडी स्प्रिंगवर चालत नाही, ती बंप स्टॉपच्या रबरावर चालते. मालकांना जो कडकपणा जाणवत होता तो या रबराचा होता; स्प्रिंग बिचारी कामाला लागण्याआधीच तिची जागा संपत होती.

आता "फेरे सैल करण्या"विषयी. स्प्रिंगची सीट वर घेऊन स्प्रिंग आधीच १० मि.मी. दाबून ठेवली, तरी ३०५ किलोंखाली ती एकूण ५१ मि.मी.च दबलेली असते. फरक इतकाच की त्यातले १० पान्याने दाबले आणि ४१ गाडीच्या वजनाने. सरळ, एकसारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगचा प्रत्येक पुढचा मिलिमीटर दाबायला तेच ६ किलो लागतात. म्हणून सीट फिरवून स्प्रिंग मऊही होत नाही आणि कडकही होत नाही; फक्त गाडीची उंची आणि दांड्याची जागा बदलते. मालकांच्या सांगण्याप्रमाणे आणखी दोन फेरे खाली दिले असते, तर उरलेले ९ मि.मी.सुद्धा आणखी कमी झाले असते आणि गाडी आहे त्याहून कडक लागली असती.

मालकांनी स्वतः एक उपाय करून पाहिला होता. शॉकअबच्या डोक्यावरचा खटका त्यांनी पूर्ण मऊ बाजूला फिरवला होता. हेतू चांगला होता, परिणाम उलटा झाला. मूळ स्प्रिंग साधारण २.२ किलो प्रति मि.मी. असते आणि तिच्यावर गाडीचा पुढचा भाग सेकंदाला सुमारे १.३ वेळा झुलतो; ६ किलोच्या स्प्रिंगवर तोच २.१ वेळा झुलू पाहतो. इतक्या ताकदीच्या स्प्रिंगला आवरायला शॉकअबने जास्त रोधायला हवे, आणि येथे त्याचाच जोर काढून घेतला होता. त्यामुळे गाडी एका धक्क्यातून सावरण्याआधी दुसऱ्यात जाई आणि रबरावर आणखी जोरात आपटे.

गाडी रॅम्पवर चढवून चाके लोंबती केल्यावर इतर गोष्टी दिसल्या. पुढच्या दोन्ही स्प्रिंगा सीटवरून सुटून हाताने गोल फिरत होत्या. वर ४० मि.मी. मोकळी जागा होती. उंच गतिरोधकावरून उतरताना चाक लोंबते, स्प्रिंग जागा सोडते आणि परत बसताना टणकन वाजते, हा दुसरा आवाज मालकांनी पहिल्याच आवाजात धरला होता. उजव्या ड्राइव्हशाफ्टवर, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या दांड्यावर, बोटभर रुंदीचा पट्टा आरशासारखा चमकत होता, कारण वळणावर गाडीचे कलणे रोखणारा स्टॅबिलायझर बार त्याला घासत होता. चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मचा डावा बुश चिरला होता. या बुशाचे रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते, त्यामुळे त्याचा बोल्ट चाकांवर वजन असतानाच आवळायचा असतो. चाके लोंबत असताना आवळला की गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो आणि तो पीळ दिवसरात्र तसाच राहतो. संच बसवताना हीच चूक झाली असावी असे आमचे मत पडले, कारण उजवा बुशही त्याच दिशेने ताणलेला होता.

गाडी परत चाकांवर उभी करून लोअर आर्मचा कल मोजला. बाहेरचा बॉल जॉइंट आतल्या बोल्टपेक्षा १८ मि.मी. वर होता. मूळ गाडीत हा आर्म बाहेरच्या बाजूला किंचित उतरता असतो. मॅकफर्सन रचनेत आर्म असा उलटा झाला की गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती वळणावर कलते, तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकतो. दोघांमधले अंतर वाढते आणि वळणावर गाडीला कलवणारा जोरही त्याबरोबर वाढतो. गाडी जितकी खाली तितकी वळणावर घट्ट, ही समजूत पहिल्या २५-३० मि.मी.पुरती बरीचशी खरी आहे. त्यापलीकडे या रचनेत ती हळूहळू उलटत जाते आणि कडक स्प्रिंग तो दोष फक्त झाकते. ट्रॅकसाठी म्हणून ६५ मि.मी. खाली घेतलेली ही गाडी ट्रॅकवरसुद्धा मंदच ठरली असती.

टायरांविषयी लोक कॅम्बरला, म्हणजे समोरून पाहिल्यावर चाक आत किंवा बाहेर कललेले असण्याला, दोष देतात, म्हणून येथे थोडे थांबतो. डाव्या चाकाचा कॅम्बर उणे १ अंश ५० मिनिटे आणि उजव्याचा उणे १ अंश २० मिनिटे होता. एवढ्याने टायर ४,००० किलोमीटरांत संपत नाही. टायर खरा खात होता तो टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असणे. गाडी खाली आली की स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा टाय रॉड आणि लोअर आर्म वेगवेगळ्या चापांत फिरतात आणि चाकांची तोंडे वळतात. या गाडीत ती बाहेर वळली होती, दोन्ही मिळून ४० मिनिटे. एका चाकाला २० मिनिटे म्हणजे एक अंशाचा तिसरा भाग. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण हिशोब केला तर प्रत्येक किलोमीटरमागे टायर सुमारे पावणेसहा मीटर आडवा फरपटतो. ४,००० किलोमीटरांत ते २३ किलोमीटर होतात. कॅम्बरने भार आतल्या कडेवर आणून ठेवला आणि टोने ती कड किसून काढली. संच बसवल्यावर व्हील अलाइनमेंट झालेच नव्हते.

उंची किती ठेवायची हा प्रश्न मालकांशी बसून सोडवला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. या गाडीच्या दोन आसांमधले अंतर सुमारे २.४७ मीटर आहे. अशा गतिरोधकाच्या माथ्यावर गाडी मधोमध उभी राहिली, तर पोटाखाली फक्त ४५ मि.मी. जागा पुरते. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावरून ९८ मि.मी.ची गाडीही सावकाश गेली असती. अडचण सोसायट्यांच्या फाटकांशी आहे. मालकांच्या सोसायटीतला उंचवटा आम्ही स्वतः मोजला, ११५ मि.मी. उंच आणि जेमतेम ६० सेंटिमीटर रुंद. तो दोन चाकांच्या मधे सरळ पोटाखाली येतो आणि तिथे गाडी तितकीच उंच असावी लागते. रोज दोन वेळा ओलांडायचा तो उंचवटा हाच आमचा खरा मापदंड ठरला.

माझा पहिला सल्ला मूळ सस्पेन्शन परत बसवण्याचा होता आणि तो आजही बदललेला नाही. गाडी रोजच्या वापराची आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली. अपघातानंतर विमा कंपनीशी वाद होण्याची शक्यता वेगळीच. हे सारे मी त्यांना कामाच्या कागदावर लिहून दिले आणि आरटीओ व विमा कंपनी या दोन्हीकडे आधी चौकशी करायला सांगितले. आठवडाभराने ते परत आले. संच काढायचा नाही असे त्यांनी ठरवले होते; मात्र गाडी सुरक्षित चालेल तितकीच खाली राहू द्या, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. लावलेला संच चुकीच्या स्थितीत तसाच रस्त्यावर सोडणे मला जास्त धोक्याचे वाटले, म्हणून काम हाती घेतले.

पहिल्यांदा लोअर आर्मचे दोन्ही बुश बदलले. मग चाके लोंबती ठेवून हुक पान्याने पुढच्या सीट वर आणल्या. स्प्रिंग टेकली तिथून आणखी ३ मि.मी. दाबली, म्हणजे चाक लोंबले तरी ती जागा सोडणार नाही. या एका बदलाने गाडी मूळपेक्षा २२ मि.मी. खाली अशा उंचीवर आली. उरलेले ८ मि.मी. खालचा ब्रॅकेट फिरवून घेतले आणि पुढचे माप ३४८ मि.मी. झाले, मूळपेक्षा ३० कमी. उंची ३५ मि.मी.ने वाढली, पण बंप स्टॉपपर्यंतची चाल ९ वरून ५२ मि.मी. झाली. मालकांनी येथे रास्त प्रश्न विचारला: मग ६५ मि.मी.सुद्धा ब्रॅकेटनेच खाली का घेऊ नये, चाल तर तशीच राहील? शॉकअबमधली चाल खरोखर तशीच राहिली असती. पण मूळ जागेपासून ६५ मि.मी. वर बसलेले चाक आणखी ५२ मि.मी. वर जाणार म्हणजे ११७ मि.मी., आणि तेवढी जागा चाकाच्या कमानीत नव्हती. टायर आतल्या अस्तरावर आपटला असता आणि ड्राइव्हशाफ्टचा कोन व स्टॅबिलायझर बारचे घासणे तसेच राहिले असते. ब्रॅकेटने उंची कमी करताना हिशोब शॉकअबऐवजी कमानीशी करावा लागतो. ब्रॅकेटमध्ये आट्यांची किमान किती लांबी गुंतलेली असावी हेही निर्मात्याने नळीवर खूण करून दिलेले असते. ब्रॅकेट बाहेर काढताना ती खूण कधीही उघडी पडू देऊ नये.

मागचे अॅडजस्टर सारखे केले आणि गाडी वजनकाट्यांवर परत घेतली: पुढे ३४१ आणि ३३९, मागे २०९ आणि २११. तिरक्या बेरजा ५५२ आणि ५४८ आल्या. बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना टॉर्क रेंचने आवळले. शॉकअबचे २४ खटके होते. पूर्ण कडक बाजूने मोजत १४ मागे घेतले, कारण त्याहून मऊ केल्यावर गतिरोधकानंतर गाडीचे नाक एकाऐवजी दोनदा खालीवर होत होते. शेवटी अलाइनमेंट: कॅम्बर दोन्हीकडे उणे १ अंश, टो एकूण १० मिनिटे आत. हेडलाइटचा झोतही खाली-वर करून घेतला. पुढचे दोन टायर अर्थात नवे घ्यावे लागले.

इंजिनाखालच्या पत्र्यापाशी आता १३३ मि.मी. जागा आहे. मागे दोन माणसे बसल्यावर पोटाच्या मध्यावर आम्ही १२४ मोजले. सोसायटीचा ११५ चा उंचवटा पायी चालण्याच्या वेगाने घासल्याशिवाय पार होतो, वेगाने मात्र होणार नाही, आणि हे मालकांना गाडीत शेजारी बसवून दाखवले. उंची बदलता येते म्हणून ती महिन्याला बदलू नका, कारण प्रत्येक बदलानंतर टो पुन्हा सरकतो आणि अलाइनमेंट नव्याने करावे लागते, हेही सांगितले. पावसाळ्यात आट्यांत चिखल साचून रिंगा जाम होतात. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर एका वर्षात पाना लागेनासा होतो. म्हणून आटे ब्रशने घासून त्यांवर ग्रीसचा पातळ हात फिरवला आणि लॉक रिंगेवर रंगाची रेघ मारली, म्हणजे ती फिरली तर लगेच दिसेल.

२०० किलोमीटरांनंतर गाडी पुन्हा बोलावली. स्प्रिंगा बसून पुढची उंची ३ मि.मी. उतरली होती आणि डावीकडची लॉक रिंग रेघेपासून किंचित सरकली होती. उंची ब्रॅकेटने भरून काढली, रिंग आवळली, टो परत तपासला. तीन महिन्यांनी, ३,२०० किलोमीटर झाल्यावर, मालक खंबाटकी घाटातून साताऱ्याला जाऊन आले आणि थेट गाळ्यावर आले. टायरच्या नक्षीची खोली आतल्या कडेला आणि बाहेरच्या कडेला मोजली. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत होता. दांड्यावरची प्लॅस्टिकची पट्टी आम्ही काढली नव्हती. ती बंप स्टॉपच्या ११ मि.मी. खाली थांबलेली होती. गाडी आणखी दहा मि.मी. खाली घेता येईल का, हे विचारायलाच खरे तर ते आले होते. पट्टीकडे बघून त्यांनी माझ्या हातातली मोजपट्टी घेतली, ते ११ मि.मी. स्वतः मोजले, आणि फक्त हवा तपासून गाडी घेऊन गेले.